खालचा पापुद्रा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी रुआन पेइफेनच्या हातून चुकीची कळ दाबली गेली आणि स्क्रीनवरचा डोंगर फिका पडला. कोपऱ्यातला आकडा एकाहत्तरावरून शहाण्णववर गेला.

तिने हात मागे घेतला. तीन आठवडे हा आकडा एकाहत्तरापुढे सरकत नव्हता.

हांगझोऊमधल्या एका बंद पडलेल्या रेशीम गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर लोऊची एकोणीस माणसांची कंपनी होती. तिच्याकडे शहरातल्या एका संग्रहालयाचे काम आले होते. पांग यीमो या दिवंगत चित्रकाराचे ‘थ्येनमूवर उघडीप’ हे थ्येनमू डोंगराचे शाईचे चित्र संग्रहालय त्याच्या विधवेकडून विकत घेणार होते. त्याच्या जोडीला एक अंधारे दालन करायचे होते. पाहुण्याने आत शिरावे आणि भिंतभर पसरलेल्या त्या डोंगरात चालत जावे. चित्रात न दिसणाऱ्या दऱ्या, पांगने कधीच न काढलेली डोंगराची मागची बाजू, सगळे कॉम्प्युटरने काढायचे, पण कुंचला पांगचाच वाटला पाहिजे.

शाईचा प्रोग्राम पेइफेनचा. सहा वर्षे ती त्यावर काम करत होती. तो नुसता काळा-करडा रंग भरत नसे, पाण्याचा हिशोब करत असे. फटकारा कुठे टेकला, पाणी कागदात किती उतरले, शाईतली काजळी त्याच्यासोबत कुठवर गेली आणि कुठे थांबून राहिली. पांग दुहेरी कागद वापरायचा. असा कागद लगद्याच्या हौदातच एकावर एक दोन थर उचलून बनवतात, त्यामुळे दिसायला एकच, पण अंगाने दोन. म्हणून प्रोग्रामही दोन थर मोजायचा. स्क्रीनवर दिसायचा तो वरचा. खालचा पाहण्याची कळ तिने स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती, चूक शोधायला. आपण काढलेले चित्र संग्रहालयाने पाठवलेल्या स्कॅनशी ताडून प्रोग्राम शंभरपैकी एक आकडा द्यायचा. नव्वदच्या वर गेला की काम मंजूर.

आता आकडा शहाण्णव होता, आणि स्क्रीनवर खालचा थर होता.

तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. वरचा थर, एकाहत्तर. खालचा, शहाण्णव. तिसऱ्यांदा तेच. न जुळणारे चार टक्के कुठे आहेत ते तिने शोधले. ते सगळे एका जातीच्या फटकाऱ्यांत होते. कड्याच्या सुरकुत्या काढताना पांग जवळजवळ कोरडा कुंचला ओढायचा. त्यात पाणी नसल्याने ती शाई खालच्या थरापर्यंत पोहोचतच नाही. प्रोग्रामच्या खालच्या थरावर तिथे कोरी जागा होती. स्कॅनमध्ये तिथे ठळक रेघा होत्या. तिने त्या मोठ्या करून पाहिल्या. रेघा एकसारख्या होत्या, सावकाश, जपून ओढलेल्या. पांग यीमोने आयुष्यात कुठलीच रेघ जपून ओढली नव्हती.

“फेन ताई!” लोऊ मागे येऊन उभा होता. तो तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, मालक असूनही तिला ताई म्हणायचा. “शहाण्णव? आज सगळ्यांना बदकाचं सूप माझ्याकडून.”

“थांब. बग आहे.”

“असला बग असेल तर त्याला पाळून ठेव. खाऊ-पिऊ घाल. शुक्रवारी पाचपर्यंत रिपोर्ट गेला की मग मार.”

तो हसत गेला. पेइफेनने त्याला पुढचे सांगितले नाही.

चित्र मढवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते की दुहेरी कागद सोलता येतो. चित्र पाठीला अस्तर लावण्यासाठी ओले केलेले असते, तेव्हा मुरलेला हात त्याचे दोन पापुद्रे अलग करू शकतो. वरचा स्वतःकडे ठेवायचा. खालच्यावर झिरपलेले चित्र असतेच, फिके. त्यात उणे राहिलेले फटकारे शाईने भरायचे, अस्तर लावायचे आणि मालकाला परत द्यायचे. मढवणारे या गोष्टीचा उल्लेख तुरुंगात गेलेल्या काकाचा करावा तसा करतात, म्हणजे शक्यतो करत नाहीत.

पांगचे हे चित्र एकदाच मढवले गेले होते, सत्तावीस वर्षांपूर्वी. संग्रहालयाने पाठवलेल्या फोटोंमध्ये चौदावा फोटो गुंडाळीच्या लाकडी दांड्याचा होता. दांड्याच्या टोकाला, मूठ बसते तिथे, नखाएवढा ठसा होता. रुआन शौयी. पेइफेनचे वडील.

दुपारी एकच्या सुमारास ती वडिलांच्या दुकानात गेली. म्हातारा एकटाच होता, लाल रोगणाच्या लांब टेबलाशी वाकून कुणाच्या तरी बांबूच्या चित्रावर माडाच्या काथ्याचा ब्रश फिरवत होता. बहात्तर वर्षांचा, पण हात हलत नव्हता.

“जेवलीस?” त्याने मान वर न करता विचारले.

“खाल्ले नूडल्स. बाबा, पांग काकांचं थ्येनमूचं चित्र तुमच्याकडे किती दिवस होतं?”

“का?”

“रिपोर्टात लिहायचंय.”

“कॉम्प्युटरच्या रिपोर्टात माझ्या दुकानाचं काय काम?” ब्रश चालूच राहिला. “अठरा दिवस.”

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि उत्तर ओठांवर तयार. पेइफेनने ते मनात टिपले. मग स्वतःलाच बजावले, या माणसाला १९८४ साली कुणाच्या कागदाला किती पाणी लागले तेही आठवते.

“कागद दुहेरी होता ना?”

ब्रश थांबला. “कोण म्हणालं?”

“माझा प्रोग्राम.”

“त्याला कागद हाताला लागतो का?”

“नाही लागत, म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“दुहेरीच होता. पांग कागदाला म्हशीला पाजावं तसं पाणी पाजायचा. एकेरी टिकला असता का त्याच्यासमोर?” तो सरळ उभा राहिला, कमरेला हात लावून. “चित्राचं काही बिघडलंय?”

“नाही.”

“पांगचा शिक्का कसा दिसतो? लाल आहे?”

पेइफेनने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. तिने चित्रकाराच्या सहीच्या त्या शिक्क्याचे नावही काढले नव्हते. “लाल आहे. चांगला लाल.”

“हं.”

“का हो?”

“काही नाही. विचारलं.” त्याने ब्रश खळीच्या भांड्यावर आडवा ठेवला. “अस्तर सोडवायचं ठरलं तर चित्र माझ्याकडे पाठवायला सांग. खळ माझी आहे. ती किती पाण्याने सुटते ते मला माहीत. दुसऱ्याचा हात लागू देऊ नका.”

“अस्तर सोडवायचं मी कुठे म्हणाले?”

“तू नाही म्हणालीस,” म्हातारा म्हणाला. “पण भरदुपारी काम टाकून आलीस. चहा पिणार की नाही?”

ती चहा न पिता निघाली.

मेट्रोत तिला शिक्क्याचा अर्थ लागला, आणि तो लागला नसता तर बरे झाले असते. शिक्क्याचा लाल लगदा तेलातला. तो शाईसारखा कागदात उतरत नाही. खालच्या पापुद्र्यावर त्याचा फार तर गुलाबी डाग दिसेल. संग्रहालयाच्या चित्रावर शिक्का लालभडक आहे. म्हणजे चित्र सोललेले असेल तर शिक्का नंतर मारलेला. एक तर खोटा, नाहीतर पांगच्या घरातला खरा, कुणीतरी पुन्हा उचलून मारलेला. आणि हा प्रश्न चित्र न पाहता, पहिल्या झटक्यात, बाबांना सुचला. चोराला सुचावा तसा. किंवा पन्नास वर्षे हाच धंदा केलेल्या माणसाला सुचावा तसा. दोन्हींत फरक कसा करायचा, हे तिला त्या गाडीत बसून कळेना.

बुधवारी ती पांगच्या विधवेकडे गेली. वेंग सूछिंग, एकोणऐंशी वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी दार उघडले आणि पेइफेनचे दोन्ही हात धरले.

“रुआन शिफूंची, आमच्या उस्तादांची मुलगी! अगं, तू एवढीशी होतीस, तुझ्या बापाच्या टेबलाखाली बसून कागदाचे तुकडे खायचीस.”

“अजूनही तेच करते, काकू. फक्त आता पगार मिळतो.”

वेंग काकू खळखळून हसल्या. चहा आला, कलिंगडाच्या बिया आल्या. पेइफेनने दालनाची माहिती दिली, मग सहज विचारावे तसे विचारले, चित्र मढवायला कधी दिले होते?

“नक्की सांगते. होड्यांच्या सणाला. मी पानात बांधलेला चिकट भात केला होता, तोही सोबत दिला. आणि परत आलं ते चंद्राच्या सणाला. तुझे बाबा मूनकेकचा डबा घेऊन आले होते.”

“तीन महिने?”

“हो ना. हे रोज विचारायचे, माझा डोंगर कुठे अडकला?”

अठरा दिवस आणि तीन महिने. पेइफेनने बी दातांत धरले, फोडले नाही. मध्ये जून-जुलैचा पाऊस होता. त्या दमट महिन्यात खळीला बुरशी येते, कुठलाही शहाणा मढवणारा काम हातात घेत नाही. चित्र अठरा दिवस भिंतीवर वाळत असेल आणि बाकीचे दिवस कपाटात पडून असेल. तसे असेल तर बाबांनी फक्त कामाचे दिवस मोजले. तसे नसेल तर उरलेले दिवस त्यांनी लपवले.

“परत आल्यावर पांग काका काय म्हणाले?”

वेंग काकूंनी बियांची बशी बाजूला सारली. “बराच वेळ समोर उभे होते. मग म्हणाले, म्हातारा झालो सूछिंग, माझाच डोंगर मला हलका वाटतोय.”

“हलका?”

“डोळे गेले होते ना त्यांचे. मोतीबिंदू. त्याच हिवाळ्यात ऑपरेशन झालं. मी म्हटलं, डोंगर जड झाला काय नि हलका झाला काय, आपल्याला कुठे उचलायचाय?”

“त्यानंतर चित्रं दुसरीकडे दिली का मढवायला?”

“छे! शेवटपर्यंत तुझ्या बाबांकडेच.”

“आणि शिक्के कुठे असायचे काकांचे?”

“टेबलाच्या खणात. अजून तिथेच आहेत.”

“कुलूप?”

“घरात कसलं कुलूप? शिष्य यायचे, मित्र यायचे, तुझे बाबा यायचे.” त्यांनी कप खाली ठेवला. आवाज तसाच मऊ होता, पण डोळे पेइफेनच्या चेहऱ्यावर थांबले. “पोरी, चित्रात काही खोट निघाली आहे का?”

“नाही, काकू. सगळ्याच चित्रांची अशी माहिती घेतो.”

“मग ठीक आहे. कारण माझ्याकडे त्यांचं एवढं एकच उरलंय. बाकीचं आजारपणात गेलं.”

जिना उतरताना पेइफेनला वाटले, आपण त्या घरात दोन वेळा खोटे बोललो. दुकानात एकदा. आतापर्यंत या प्रकरणात सगळ्यात जास्त खोटे सिद्ध झाले आहे ते आपले.

गुरुवारचा दिवस तिने बापाच्या बाजूने घालवला. म्हणजे कॉम्प्युटरसमोर. समजा कुणी काही सोललेले नाही. समजा मोतीबिंदू झालेल्या माणसाला शाई होती त्याहून गडद दिसत होती, म्हणून त्याने ती पातळ घोटली. कोरडे फटकारे मारताना नीट दिसेना, म्हणून आयुष्यात प्रथमच जपून मारले. तिने प्रोग्राममध्ये शाई पातळ केली, हात मंद केला, आणि वरचा थर ताडून पाहिला. आकडा एकाहत्तरावरून चढत चढत त्र्याऐंशीवर आला. तिथे थांबला. संध्याकाळपर्यंत तिने बेचाळीस प्रकारांनी शाई पातळ केली. त्र्याऐंशी.

शहाण्णव नाही. पण एकाहत्तरही नाही.

शुक्रवारी लोऊने तिच्या टेबलाच्या कडेवर बैठक मारली. तिने आता त्याला सगळे सांगितले होते, बापाचे नाव धरून.

“फेन ताई, मी साधा माणूस आहे. खालचा थर की वरचा, कोण विचारतंय? पाहुणा डोंगरात शिरेल, बाहेर येईल, फोटो काढेल, घरी जाईल. तू फक्त शहाण्णव लिही.”

“आणि उद्या तिथल्या कुणी अस्तर सोडवलं तर?”

“तर सोडवेल तेव्हा. सत्तावीस वर्षं कुणाला दिसलं नाही.”

“एका माणसाला दिसलं होतं,” ती म्हणाली. “त्याला सांगितलं गेलं की तुमचे डोळे खराब आहेत.”

लोऊ खाली उतरला. “तुझे वडील आहेत ते.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं विसरलीस.”

तिने रिपोर्टात तिन्ही आकडे लिहिले. वरचा थर, एकाहत्तर. खालचा थर, शहाण्णव. पातळ शाई धरून वरचा थर, त्र्याऐंशी. कोरड्या फटकाऱ्यांचे मोठे केलेले फोटो जोडले. शिक्क्याबद्दल दोन वाक्ये लिहिली. खरेदीआधी चित्राचे अस्तर सोडवून कागदाची पाठ तपासावी, पापुद्रा सोलला असेल तर पाठीवर ओढलेले तंतू दिसतील, असे सुचवले. मग शेवटची ओळ टाइप केली: हे काम रुआन शौयी यांच्याकडे देऊ नये, आणि प्रस्तुत अहवाल लिहिणारी त्यांची मुलगी आहे याची नोंद घ्यावी.

ती ओळ तिने पुसली. कंपनीच्या स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी प्यायली. परत येऊन तीच ओळ, त्याच शब्दांत, पुन्हा लिहिली. चार वाजून बावन्न मिनिटांनी रिपोर्ट गेला.

संग्रहालयाने घाई केली. शनिवारी सकाळी त्यांनी मूळ मढवणारा म्हणून रुआन शौयींना रीतसर फोन करून कळवले: अस्तर सोमवारी दहा वाजता सोडवले जाईल, सुझोऊचे एक शिफू येतील, आपण उपस्थित राहू शकता. साडेअकराला पेइफेनचा फोन वाजला.

“रिपोर्ट तू लिहिलास?”

“हो, बाबा.”

“शेवटची ओळसुद्धा?”

“हो.”

पलीकडे नळ गळत होता. दुकानातला. तो कधीच दुरुस्त होत नसे.

“ओळ बरोबर आहे,” म्हातारा म्हणाला. “तुझ्या जागी मीही तीच लिहिली असती. पण आधी बापाला विचारलं असतं.”

“मी आले होते विचारायला.”

“तू दिवस विचारलेस. कागद विचारलास. खरं विचारायचं होतं ते विचारलंच नाहीस.”

“मग आता विचारते. तुम्ही सोललंत?”

“आता नको. आता मी काहीही म्हणालो तरी तू ते तुझ्या मशीनमध्ये घालून आकडा काढशील. सोमवारी सुझोऊवाला सांगेल. कसा आहे तो? हात हलका आहे का?”

“मला माहीत नाही, बाबा.”

“विचारून घे. माझी खळ जुनी आहे. घाई केली तर कागद फाटेल, आणि मग पाठ कुणालाच वाचता येणार नाही.”

त्याने फोन ठेवला. त्याला आपल्या कामाची काळजी होती की आधीच सबब तयार करून ठेवत होता, हे पेइफेनला ठरवता आले नाही. तिने सुझोऊच्या माणसाची चौकशी केली. हात हलका आहे, असे सगळे म्हणाले.

रविवारी सकाळी नऊला ती दुकानावर गेली तेव्हा शटर खाली होते. त्यावर वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी होती: दोन दिवस बंद. शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितले, शिफू आठलाच गेले, हातात काही नव्हते, फक्त भिंग गळ्यात होते. फोन बंद होता. घरीही ते नव्हते.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वेंग काकूंचा फोन आला.

“अगं, तुझे बाबा येऊन गेले सकाळी. चहाही घेतला नाही. दारातच म्हणाले, पांग वहिनी, त्या चित्रावर ज्याचा ठसा आहे तो शिक्का मला दाखवा.”

“दाखवलात?”

“न दाखवून काय करू? इतक्या वर्षांचा माणूस. त्यांनी खण उघडला, न चाचपडता नेमका तोच शिक्का काढला, लगदा मागितला. एका कागदावर ठसा मारला. खिडकीशी नेऊन भिंगातून बघत बसले. किती वेळ म्हणशील? माझा भात शिजून झाला.”

“काही म्हणाले?”

“दुसरा कागद मागितला. त्यावर पुन्हा एक मारला. मग मला विचारलं, वहिनी, १९९७ च्या पावसाळ्यानंतर हा शिक्का कुणाकुणाच्या हातात गेला होता ते आठवा. मी म्हटलं, कुणाच्याच नाही. ते म्हणाले, आठवा.”

“आणि?”

“आणि काय? दोन्ही कागद घडी न घालता, माझ्या एका वहीत ठेवून घेऊन गेले. मला कळेना ते कशाला हवेत. पेइफेन, मी ते न्यायला द्यायला नको होते का?”

चित्रावरचा शिक्का खोटा आहे हे दाखवायला खरा ठसा लागतो. आणि खोटा शिक्का कोरायलाही खरा ठसाच लागतो.

“काकू, ते कुठे जातो म्हणाले?”

“नाही सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, सोमवारी दहाच्या आत संग्रहालयात येतो.”

तिने सहा वाजेपर्यंत बाबांना बारा वेळा फोन लावला. सहा वाजून पाच मिनिटांनी संग्रहालयातून निरोप आला की सुझोऊचे शिफू पोहोचले आहेत, चित्र पेटीतून काढून टेबलावर ठेवले आहे, पाणी उद्या सकाळी लावले जाईल. रुआन शौयी येणार आहेत का, असे त्यांनी विचारले होते. बाबांचा फोन अजून बंद होता.